बैलाचा पोचा

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
बंद पडलेल्या बिस्किट कंपनीच्या भिंतीला लागून
दस्तगीर डेंटरची पत्र्याची शेड.
आत, विटांच्या चार थप्प्यांवर,
आमची डुक्कर फियाट.
चाकं काढलेली, सीटा काढलेल्या,
उलटी उघडणारी ती दारं, तीही काढलेली.
अण्णा आजोबांची, मग थोरल्या काकांची, मग बाबांची,
आणि मार्चपासून माझी,
कारण पुण्याचा भाऊ म्हणाला, सोसायटीत जागा नाही.

मी विमा कंपनीत सर्व्हेयर.
वीस वर्षं ठोकलेल्या गाड्यांपुढे उभा राहून
कोण खोटं बोलतंय ते लिहितो.
दस्तगीर काहीच लिहीत नाही.
डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवतो,
वैद्य पोट दाबून बघतो तसा.

रंग खरवडला तेव्हा
वर बाबांचा पांढरा,
त्याखाली काकांचा बदामी, लग्नाच्या वर्षीचा,
तळाशी अण्णांचा राखाडी,
कोर्टातल्या कपाटासारखा.
डाव्या मडगार्डपाशी तो थांबला.
"हा कशाचा?"
"बैलाचा."
आमच्या घरात हे पाढ्यांसारखं पाठ असतं:
पासष्ट साल, माजिवड्याचं वळण,
बैल उधळला, शिंग मारलं,
काकांनी धीराने गाडी घरी आणली.
दर दिवाळीला तो बैल थोडा वाढायचा.
गेल्या खेपेला त्याच्या शिंगांना पितळी शेंब्या होत्या.

दस्तगीरने खळग्यात अंगठा ठेवला.
"शिंग भोसकतं, साहेब. हे दाबलंय.
वरून खालपर्यंत सारखं, गोल.
खांब आहे हा."
आणि बदामीच्या खाली, राखाडीच्या वर
नखाएवढा हिरवा कण दाखवला,
नगरपालिकेचा हिरवा,
जुन्या दिव्यांच्या खांबांना असायचा तो.

कुमुदआत्या चरईत राहते, एकटी.
एक्याऐंशी चालू आहे.
मी फोनवर सांगत होतो,
तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला.
"हिरवा? टेंभी नाक्याचा असेल.
दादा झोपला होता. किल्ली खुंटीला."
"निघाली कुठे होतीस?"
"कळव्याच्या पुलापर्यंत."
"आणि पुढे?"
"पुढे खांब होता."
मग बराच वेळ नुसता पंखा.
"अण्णा काही बोलले नाहीत रे.
सकाळी बशीत चहा ओतता ओतता म्हणाले,
काल म्हणे बैल उधळला होता.
तेव्हापासून किल्ली लोखंडी कपाटात."

मी ठरवून टाकलं, पोचा राहू दे.
दस्तगीरला म्हटलं, याला हात लावू नकोस,
इतिहास आहे.
आत्या रिक्षाने आली.
चष्म्यावरून आधी पोच्याकडे, मग माझ्याकडे.
"काढ तो.
देवीचे व्रण कोणी हौसेने ठेवतं का?
मला स्मारक नको."
आतून लाकडी हातोडी, बाहेरून वाळूची पिशवी,
अर्ध्या तासात साठ वर्षं सपाट.
वाईट मला वाटलं. तिने शेंगदाणे खाल्ले.

कुर्ल्याच्या भंगारात कार्बोरेटर मिळाला,
पिस्टनच्या रिंगा सापडायला श्रावण उजाडला.
रंग राखाडीच, तिच्या सांगण्यावरून.

रविवारी इस्टेटला सुट्टी.
सगळी शटरं खाली, कुत्री रस्त्याच्या मधोमध.
आत्याने पदर खोचला, खाली उशी घेतली,
आणि स्टीअरिंगजवळची गिअरची दांडी
पळी धरावी तशी दोन बोटांत धरली.
पहिला. धक्का. दुसरा.
लायसन्स नाही. गाडीचे कागद आहेत.
रस्ता संपतो तिथे एक खांब आहे, हल्ली सिमेंटचा.
ती सरळ त्याच्यावरच चालली.
मी हँडब्रेक चाचपतो.
विमा मीच उतरवलाय,
क्लेम मीच नाकारीन.

वीतभर अंतरावर थांबली.
इंजिन चालूच.
"आता रिव्हर्स सांग," म्हणाली.
"तेवढाच शिकायचा राहिला होता."

मला येत नाही.
मागे, शेडच्या दारातून,
दस्तगीर ओरडतोय:
दांडी आपल्याकडे ओढा, आजी,
मग वर!